सोमवारी नीट करणे

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास अस्लम मोमीनने पडद्यावरचं पत्र वाचलं, खुर्ची मागे ढकलली आणि लग्नाची पत्रिका आल्यासारखी आरोळी ठोकली, "ताई, या गुरुवारी आपला नंबर! जीवनसाद!"

हेमांगी शेलार समोरच्या टेबलावर 'जोडणी'च्या पहिल्या पानाचा मथळा तिसऱ्यांदा बदलत होती. तिचा हात जागच्या जागी थांबला. "कोणती जीवनसाद?" तिने विचारलं. प्रश्न किती खोटा आहे हे तिचं तिलाच ठाऊक.

"कोणती म्हणजे काय? आपली. त्रिज्या सिस्टिम्समधली. अँब्युलन्सवाली. तिची सगळी जुनी आज्ञावली हस्तपारखेतून काढलीय. गुरुवारी दुपारी तीनला यादी येणार. बघू या बरं, तुमच्या-माझ्या हाताला किती मार्क पडतात!"

त्याला गंमत वाटत होती. हेमांगीला मात्र नाही. बावीस वर्षं ज्या दिवसाची ती वाट पाहत होती, म्हणजे जो दिवस कधीच येऊ नये म्हणून वाट पाहत होती, तो आता अवघ्या दोन दिवसांवर आला होता.

'जोडणी' हे नाशिकच्या संगणक-कर्मी मंडळाचं साप्ताहिक. कोणाची नोकरी गेली, कोणाला लागली, नव्या यंत्रांचं प्रशिक्षण कुठे आहे, मनगटाच्या दुखण्यावर शिबिर कधी आहे, असा सगळा मजकूर त्यात असे. 'कैलासवासी प्रणाली' नावाचं सदर तर लोक चवीने वाचायचे. त्यात बंद पडलेल्या सॉफ्टवेअरला रीतसर श्रद्धांजली वाहिली जायची, आणि मागे राहिलेल्या वापरकर्त्यांचं सांत्वनही केलं जायचं. पण गेल्या वर्षापासून वाचक पहिल्यांदा शेवटचं पान उघडायला लागले होते. त्या पानावर हस्तयादी असे.

हे हस्तपारखेचं प्रकरण सुरू झालं एका बंदरातल्या अपघातापासून. चार वर्षांपूर्वी, २०३७ साली, तिथल्या सगळ्या स्वयंचलित क्रेन एकाच क्षणी थांबल्या आणि दोन माणसं गेली. चूक एका जुन्या ओळीत सापडली, पण ती ओळ लिहिली कोणी हे काही केल्या कळेना. तोवर नवं लिखाण बहुतेक यंत्रंच करत होती. मात्र त्या यंत्रांनी चढवलेल्या मजल्यांच्या खाली पाया होता तो माणसांनी लिहिलेला, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा. पूल बांधणारा इंजिनिअर सही करतो, मग आज्ञावली लिहिणाऱ्याने का करू नये, असा प्रश्न विधिमंडळात विचारला गेला आणि सनद कायदा आला. सनद नसलेल्या माणसाने लोकांच्या जिवाशी संबंधित असं काहीही लिहायचं नाही. आणि जुन्या पायातल्या गंभीर चुकांची जबाबदारी ज्याची त्याच्या नावावर लागणार.

जुनं नाव शोधणार कसं? त्यावर हस्तपारख हा तोडगा निघाला. एका घरात चार बायका पोळ्या लाटत असल्या, तरी कोणती पोळी कोणाची हे रोज जेवणाऱ्याला न सांगता कळतं. आज्ञावलीचंही तसंच असतं. कोणी आधी चूक तपासतो आणि मग काम करतो, कोणी आधी काम उरकतो. कोणी चलांना लांबलचक नावं देतो, कोणी एका अक्षरावर भागवतो. कोणी अट सरळ मांडतो, कोणी उलटी. अशा काही हजार सवयी एकत्र मोजल्या की माणसाचा हात ओळखता येतो. माणसाने आयुष्यात लिहिलेल्या इतर ओळींशी तो ताडून पाहिला की नाव पक्कं. काम कोणाच्या लॉगिनने झालं याच्याशी हस्तपारखेला काही देणंघेणं नव्हतं. शिवाय एकाच तुकड्यावर दोन-तीन हात फिरले असतील, तर कोणता आधी आणि कोणता नंतर, हेही ती थर सोलून सांगायची.

मग काय, वर्षभर नुसती धमाल चालली होती. ज्या सूत्रासाठी एका साहेबांनी राज्य पुरस्कार घेतला होता, ते सहा महिन्यांसाठी आलेल्या एका शिकाऊ मुलीने लिहिलं होतं. एका जोडप्याचं म्हणे भांडणच मिटलं, कारण बँकेचं अख्खं सॉफ्टवेअर बुडवणारी ओळ नवऱ्याचीही नव्हती आणि बायकोचीही नव्हती. आणि अकरा जणांच्या सनदा रद्द झाल्या होत्या. त्या अकरा जणांची नावं हेमांगीनेच छापली होती, आणि प्रत्येक वेळी तिच्या मनात बारावं नाव होतं.

ते नाव तिचं स्वतःचं.

२०१९ साली त्रिज्या सिस्टिम्समध्ये ते सात जण होते. कंपनी इतकी काटकसरी की सगळ्यांत मिळून एकच विकतचं लॉगिन होतं आणि ते हेमांगीच्या नावावर. सातही जण त्यावरूनच काम चढवायचे. त्यामुळे दप्तरात बघावं तर हेमांगी शेलार दिवसाला अठरा तास राबत होती आणि एकाच वेळी पाच ठिकाणी बसत होती. अस्लम तेव्हा सव्वीस वर्षांचा, तिच्या हाताखाली नुकताच लागलेला.

फेब्रुवारीतला शुक्रवार होता. अँब्युलन्स पाठवणारी ती प्रणाली, जीवनसाद, सारखी अडकत होती. फोन करणाऱ्याचं ठिकाण कळलं नाही की प्रणाली तिथेच गोठायची आणि मागचे सगळे फोन खोळंबायचे. हेमांगीच्या बहिणीचं लग्न धुळ्याला, संध्याकाळची गाडी, आणि साहेब डोक्यावर उभे. तिने घाईघाईत एक ओळ घातली. ठिकाण कळलं नाही, तर त्या फोनचं शेवटचं माहीत असलेलं ठिकाण धरावं. गोठणं थांबलं. पण माणूस दरम्यान दुसरीकडे गेला असेल, तर गाडी चुकीच्या दारात जाणार, हे तिला दिसत होतं. म्हणून तिने वर रोमन अक्षरांत मराठी टीप लिहिली: 'तात्पुरतं. सोमवारी नीट करणे. हे. शे.' मग ती लग्नाला गेली. सोमवारी हळद होती आणि तिला काही आठवलं नाही.

त्याच आठवड्यात बुधवारी अस्लमचे अब्बा गेले. येवल्याजवळच्या त्यांच्या गावी छातीत कळ आली, जीवनसादला फोन लावला, पण गाडी तासभर उशिरा आली. हेमांगीला हे परतल्यावर ऑफिसात कळलं. आणि तिला हेही ठाऊक होतं, की आदल्या शुक्रवारपर्यंत अब्बा नाशिकला, अस्लमच्या खोलीवर राहायला होते. म्हणजे शेवटचं माहीत असलेलं ठिकाण नाशिक. गाडी नाशिकच्या रिकाम्या खोलीकडे धावली असणार. तिने हा हिशेब एकदा मनात केला आणि कोणाला कधी काही विचारलं नाही.

पुढे कंपनी बुडाली, जीवनसाद दुसऱ्यांच्या हाती गेली, तिची आज्ञावली कायद्याने सार्वजनिक झाली. वर्षातून एकदा तरी हेमांगी ती उघडायची. शोध लावला की आपली टीप जशीच्या तशी दिसायची: 'सोमवारी नीट करणे.' ती टीप दिसली की ती लगेच पडदा बंद करायची. तपासणीचा रिपोर्ट आणून पाकिटातच ठेवणारी माणसं असतात, त्यांतली ती एक.

आणि अस्लम? तो तिच्या पाठोपाठ मंडळात आला, तिच्या शेजारी बसून 'जोडणी'ची पानं लावू लागला. तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनला रात्रंदिवस तोच उभा होता. सख्ख्या भावाने केलं नसतं इतकं त्याने केलं. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता सांगून टाकावं, आणि प्रत्येक वेळी ती विषय बदलायची.

बुधवारी ती कामाला बसली, पण एक वाक्य धड लिहून होईना. नियमावलीत एक कलम होतं: यादीबद्दल शंका असल्यास संपादकाला ती एक आठवडा रोखून धरता येते. तिने ते कलम चार वेळा वाचलं. आदेशाचा मसुदाही लिहून काढला. कारण काय द्यायचं? 'तांत्रिक अडचण.' ही सगळ्यात सोयीची अडचण, आजवर कोणी तिचा अर्थ विचारलेला नाही. एक आठवडा मिळाला की अस्लमला शांतपणे सगळं समजावून सांगता येईल. म्हणजे पुढच्या सोमवारी वगैरे.

सोमवार हा शब्द मनात आला मात्र, आणि तिला स्वतःची शिसारी आली. तिने मसुदा पुसून टाकला. सनद गेली तर जाऊ दे, एवढ्या वर्षांत पुरेसं कमावलंय, असं ती स्वतःशी म्हणाली. पण तिला सनदेची भीती नव्हतीच. अस्लमने यादीत तिचं नाव वाचावं, आणि वाचताना त्याचा चेहरा कसा होईल तो आपण समोर बसून बघावा, याची तिला भीती होती. त्याने ते यंत्राकडून ऐकायला नको. निदान एवढं तरी त्याचं देणं लागतो आपण.

गुरुवारी दुपारी एक वाजता दोघं नेहमीसारखे डबे घेऊन गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली बसले. अस्लमने डबा उघडला. हेमांगीने उघडला नाही.

"ताई, उपास आहे का?"

"अस्लम, मला काहीतरी सांगायचंय. मधे बोलू नकोस. मधे बोललास तर माझ्याच्याने पुढे सांगवणार नाही."

आणि तिने सांगितलं. शुक्रवार, धुळ्याची गाडी, ती ओळ, ती टीप, अब्बांचं शेवटचं ठिकाण, सगळं सांगितलं. काही सोडलं नाही आणि स्वतःची बाजूही घेतली नाही. सांगताना ती त्याच्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीकडे बघत होती, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

अस्लमने डब्याला झाकण लावलं.

"गाडी तासभर उशिरा आली, हे खरं आहे," तो म्हणाला. "पण ती नाशिकला कुठे गेली होती? ती मनमाडला गेली होती. बाळंतपणाची केस होती. त्या सगळ्या पट्ट्यात जीवनसादची एकच गाडी होती ताई. ती बाई उतरवली आणि गाडी सरळ आमच्या दारात आली. चालक नंतर अब्बांच्या चाळिसाव्याला घरी येऊन गेला, रडला बिचारा. त्यानेच सांगितलं."

हेमांगीला पहिल्यांदा शब्दांचा अर्थच लागला नाही. मग लागला, पण तिचा विश्वास बसेना. "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस. चालकाला काय माहीत, त्याला आधी कुठला पत्ता गेला होता ते? माझी ओळ होती तिथे, अस्लम. अजून आहे. मी स्वतः बघते दरवर्षी."

"ओळ बघता?"

"टीप बघते. टीप आहे म्हणजे ओळ असणारच ना!"

"तीनला यादी येतेय," अस्लम म्हणाला. "चला खाली."

तीन वाजायला पाच मिनिटं असताना दोघं एकाच पडद्यासमोर बसले. तिने खुर्चीचा दांडा घट्ट धरून ठेवला होता. यादी आली. जीवनसादची चौदा पानं. अस्लम झरझर खाली गेला आणि त्या तुकड्यापाशी थांबला. मग त्याने चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला, आणि मोठ्याने वाचायला लागला.

"तुकडा दोनशे सहा. पहिला हात: हेमांगी शेलार, शुक्रवार. दोष गंभीर, परंतु अल्पकाळ. दुसरा हात..." त्याचा आवाज बदलला. "दुसरा हात: अस्लम मोमीन. सोमवार, सकाळी. दोष पूर्णतः दूर केला. आजची ओळ दुसऱ्या हाताची."

"काय?"

"सोमवार, ताई! त्याच सोमवारी, अब्बांच्या दोन दिवस आधी. मी बदललीय ती. ठिकाण कळलं नाही तर फोन घेणाऱ्याने गावाचं नाव विचारून घातल्याशिवाय गाडी सुटणारच नाही, असं केलंय." त्याने ओळीवर बोट ठेवलं. "ही बघा, उलटी अट. अशी उलटी अट मीच लिहितो, तुम्ही मला त्यावरून किती बोलायचात! मला आठवतसुद्धा नाही हो. तेव्हा दिवसाला वीस ठिकाणी ठिगळं लावायचो मी. आणि तुमच्याच लॉगिनने, त्यामुळे दप्तरात तुमचंच नाव."

हेमांगीने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिच्या ओळीचा मागमूस नव्हता. वर मात्र तीच टीप होती, तिच्या आद्याक्षरांसकट, अगदी ताठ मानेने उभी.

"मग ही टीप का ठेवलीस मेल्या?" ती जवळजवळ ओरडलीच.

"टीप कोण काढतं, ताई?" अस्लम म्हणाला. "ओळ बदलतात सगळे. आजवर टीप काढलेला माणूस बघितलाय तुम्ही?"

आणि तिला हसू फुटलं. हसता हसता हुंदका आला, हुंदक्यात पुन्हा हसू आलं. बावीस वर्षं उरावर बसलेलं ओझं असं एका क्षणात उतरल्यावर माणसाला सरळ बसवतही नाही. तिने टेबलावर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं. किती बरं वाटत होतं तिला, किती हलकं! शिक्षा जेमतेम होती, तिच्या नावापुढे 'समज' असा एक शब्द. सनदेला धक्का नव्हता. तिने तर रद्द झालेली सनदसुद्धा त्या क्षणी हसत हसत स्वीकारली असती.

तिने डोकं वर केलं तेव्हा अस्लम हसत नव्हता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "आमच्या घरी तू याचसाठी कधी आली नाहीस?"

बावीस वर्षांत तो तिला पहिल्यांदा 'तू' म्हणाला होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"माझं लग्न झालं, तू आहेर पाठवलास. मुलगी झाली, झबलं पाठवलंस. दर ईदला बोलावलं, दर ईदला तुझं काहीतरी काम निघालं. माझा हात धरून मला सगळं शिकवलंस, आणि माझ्या घराची पायरी चढली नाहीस."

"तुझ्या अम्मींसमोर उभी कशी राहणार होते मी?"

"ते मला आज कळतंय," तो म्हणाला. "आम्हाला काय वाटायचं, सांगू? आम्हाला वाटायचं, आमच्या घरचं तुला चालत नाही. अम्मी म्हणायची, चांगली बाई आहे, तुला जीव लावते, पण आपल्या हातचं पाणी नको असेल तिला, तू आग्रह करू नकोस. आणि मी गप्प बसायचो. कारण विचारलं आणि तू हो म्हणालीस तर काय करायचं?"

हेमांगीला आता रडूही येईना. आपण एक चूक पोटात लपवून बसलो, आणि जो अपराध घडलाच नव्हता त्याच्यापायी एका घराला इतकी वर्षं हे वाटत राहिलं. हे कोणत्या यादीत येणार होतं? हे लिहिलेलं कुठेच नव्हतं, मग कुठली पारख ते शोधणार? तिला स्वतःचा राग आला, आणि त्याच्याहून जास्त लाज वाटली.

ती उठली. "अम्मी घरी आहेत?"

"या वयात कुठे जाणार?"

"मग चल. आत्ता."

"अंक?"

"अंक उद्या सकाळी लावू. एक दिवस उशिरा निघाला म्हणून कोणी मरत नाही." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण अस्लम हसला, आणि ते बघून तिचा जीव भांड्यात पडला.

साडेपाचच्या सुमाराला दोघं घरी पोचले. अस्लमची बायको शबनम दारातच थबकली आणि बाजूला झाली. आत कॉटवर सत्त्याहत्तर वर्षांच्या अम्मी लसूण सोलत बसल्या होत्या. हेमांगी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि तिने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी शेवट चांगला होता. मशीन, हात, लॉगिन, थर, यातलं अम्मींना कितपत कळलं कोण जाणे. त्या मान हलवत राहिल्या. अब्बांचं नाव आलं तेव्हा तेवढ्यापुरते त्यांचे हात थांबले.

"तुझ्यामुळे नाही गेले ते," सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या. "ते तर मला तेव्हाच माहीत होतं. गाडीवाल्याने सांगितलं होतं." मग त्यांनी ताटली बाजूला ठेवली आणि तिच्याकडे रोखून बघितलं. "म्हणजे आमच्या घरचं खायचं नाही, असं काही नव्हतं ना?"

"नाही हो अम्मी. असं कधीच नव्हतं."

"खरं सांग पोरी. मला दुखणार नाही आता."

"तुमच्या गळ्याची शपथ."

अम्मींनी एक लांब श्वास सोडला. इतका लांब, की हेमांगीला कळलं, ओझं काही एकटीच्याच उरावर नव्हतं. मग त्या स्वयंपाकघराकडे तोंड करून, वयाला न शोभणाऱ्या खणखणीत आवाजात ओरडल्या, "शबनम! पान वाढ! खिमा गरम कर, आणि भाकऱ्या ताज्या टाक, सकाळच्या नकोत!"

"अम्मी, आत्ता कुठे सहा वाजतायत," अस्लम म्हणाला.

"तू गप बस. तुला कोणी विचारलंय?"

शबनमने ताट आणून ठेवलं. भाकरीची वाफ निघत होती. अम्मी हातातला लसूण विसरून एकटक बघत राहिल्या, हिचा पहिला घास तोंडात जातो की नाही. हेमांगीने भाकरी मोडली, खिम्यात बुडवली आणि घास घेतला. तिखट होता. तिचे डोळे आधीपासूनच वाहत होते, त्यामुळे कशाने ते कोणालाच कळलं नाही.

"कसं झालंय?" अम्मींनी विचारलं.

हेमांगीने नुसतं ताट पुढे केलं आणि आणखी वाढा, अशी खूण केली.